पांढऱ्या फितीचं पिल्लू

१

छत्री उघडली आणि लाल फितीचं पिल्लू जागच्या जागी मुतलं.

खिडकीबाहेर उभ्या असलेल्या थोरलीला एकदम गार वाटलं. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर धाकट्या जावेचा राग आला, कारण ही लाजही तिच्यामुळेच वाटत होती.

आत रिकाम्या खोलीत सतरंजीवर छत्रीबाई बसल्या होत्या. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. ढिगाऱ्याखाली गाडली गेलेली माणसं हुंगून शोधणाऱ्या पथकासाठी पिल्लं निवडायचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. त्या कामाला शूर कुत्रं लागत नाही, स्थिर कुत्रं लागतं. म्हणून पिल्लू एकोणपन्नास दिवसांचं झालं की अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर एकटं सोडायचं. पातेल्याचं झाकण पाडायचं, दोरीला बांधलेलं फडकं सरकन ओढायचं, तोंडासमोर फाडकन छत्री उघडायची. दचकलं तर गुन्हा नाही. दचकून पुन्हा वास घ्यायला आलं की पास. कोपरा धरून बसलं की नापास.

सकाळी थोरलीच्या सातपैकी सहा पिल्लं पास झाली होती. आता धाकटीच्या सहा पिल्लांची पाळी होती. लाल, पिवळं, हिरवं, जांभळं, सगळी कोपरा धरून बसली. निळंही तसंच बसलं. पण छत्रीबाईंचे गुडघे दुखरे. उठताना त्यांनी डावी मूठ जमिनीवर टेकली, तसं ते निळं पिल्लू सरपटत आलं आणि मुठीला नाक लावून थांबलं. बाई अर्ध्या उठलेल्या अवस्थेत तशाच राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

शेवटी पांढऱ्या फितीचं आलं. त्यानं झाकण चावून पाहिलं, फडक्याच्या मागे धावलं आणि उघडलेल्या छत्रीखाली जाऊन ऐसपैस बसलं.

सहापैकी एक. आणि याच पिल्लांची कालपर्यंत काय ऐट होती! शेजारी भिंत फोडायचं ड्रिल चाललं होतं, तर थोरलीची पिल्लं आईच्या पोटाखाली घुसली आणि धाकटीची झोपा काढत होती. थोरलीला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

धाकटी आत शिरली. तिच्या हातात नेहमीची निळी वही होती.

"हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी माझ्या पिल्लांना मुद्दाम घाबरवलंय."

ती कुणाकडे बघत होती ते सगळ्यांना दिसलं. थोरली तरातरा पुढे आली. "माझ्याकडे बघून काय बोलतेस?"

आणि तेव्हाच, धाकटीच्या पायापाशी उभ्या असलेल्या लाल पिल्लानं थोरलीकडे नाक वळवलं, शेपूट पोटाखाली घातलं आणि ते कुईं कुईं करत मागे सरकलं.

२

आता या भांडणाचं मूळ सांगायला हवं.

केनेल मामंजींचं. चाळीस वर्षांपूर्वी एका मादीवर सुरू केलेलं. त्यांचा थोरला मुलगा बोटीवर कामाला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. त्याची बायको ही थोरली, लग्न होऊन आल्या दिवसापासून मामंजींच्या हाताखाली राबत होती. चौदा वर्षं. पिल्लाच्या नुसत्या चालीवरून त्याचा स्वभाव सांगायला ती शिकली होती, आणि मामंजी एकदा तरी "शाब्बास" म्हणतील याची वाट बघत होती. मामंजी कुत्र्यांना शाब्बास म्हणत. सुनांना नाही.

मग तीन वर्षांपूर्वी धाकटी आली, ऑफिसातली नोकरी सोडून. कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नसताना तिनं वह्या भरायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना रोज नवा आवाज ऐकवायचा, पायाखाली रोज वेगळी जमीन द्यायची, दचकल्यावर किती सेकंदांत सावरलं ते लिहायचं. मामंजी हसायचे. मग हसायचे थांबले.

यंदा गंभीरा आणि सावळी या दोघी बहिणी एकाच आठवड्यात व्याल्या. मामंजींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "गंभीराचं वेत थोरलीचं, सावळीचं धाकटीचं. माझं वय झालं. मी यातल्या एकाही पिल्लाला बोट लावणार नाही, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. जिची पिल्लं जास्त पास होतील, तिच्या हातात केनेलच्या किल्ल्या."

आणि आता हे असं झालं होतं.

"वहिनी, तुम्हीच म्हणाला होतात," धाकटीचा नवरा चाचरत बोलला. तो थोरलीचा दीर, स्वभावानं गरीब. "परवा नळावर. 'नापास होऊ देत एकदाची,' असं."

"म्हणाले होते!" थोरली उसळली. "तोंडानं म्हणाले. हातानं काही केलं नाही."

"पिल्लं खोटं बोलत नाहीत, ताई," धाकटी म्हणाली. "लालचं शेपूट बघा."

थोरलीनं मामंजींकडे पाहिलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून त्यांचा उजवा हात लटपटायचा, म्हणून तो कायम कोटाच्या खिशात. आता ते बोलतील, असं तिला वाटलं. ही असलं करणार नाही, एवढं एकच वाक्य तिला हवं होतं.

मामंजींनी नजर जमिनीकडे वळवली. मग म्हणाले, "थोरले, तुझ्याकडची पिंजऱ्यांची किल्ली इथं ठेव. गंभीरा उद्यापासून धाकटीकडे."

थोरलीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. गंभीराला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ती किल्ली राहू दे तिथंच," छत्रीबाई म्हणाल्या. त्या अजून निकालाचा कागद कोराच धरून होत्या. "मी संध्याकाळी कागद भरणार आहे. तोवर कुणी कुठं जायचं नाही. वीस वर्षांत मी नापास पिल्लं पुष्कळ पाहिली. पण झाकण पडलं की भित्रं पिल्लूसुद्धा झाकणाकडे बघतं. ही पाचही जणं झाकण पडल्यावर माझ्याकडे बघत होती."

३

छत्रीबाईंनी औषधांच्या खोलीत खुर्ची टाकली आणि एकेकाला बोलावलं. थोरलीला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, आणि दार नीट लागत नसे. कान काही तिनं मुद्दाम दिले नव्हते, पण काढूनही घेतले नाहीत.

पहिला दीर.

"तुमचं कुणाशी वाकडं?"

"माझं? पिल्लांशी," दीर म्हणाला. "लग्नाला तीन वर्षं झाली, बाई. माझं वजन कुणी रोज वहीत लिहून ठेवलं नाही. मी दचकलो तर किती सेकंदांत सावरतो, तेही कुणी मोजलेलं नाही. हो, जळतो मी त्यांच्यावर. पण म्हणून लाल पिल्लाला घाबरवू? ते माझ्या चपलेत झोपतं!"

मग मास्तर. मोठ्या कुत्र्यांना ढिगारा हुंगायला शिकवायचं काम मास्तरांचं. शिट्टी गळ्यात, नाक वर.

"मला काय विचारता? बाईसाहेबांची पिल्लं म्हणे आधीच सगळं शिकून येणार. कुत्रं पाळण्यातनंच शहाणं निघालं, तर मास्तरनं काय शेपट्या मोजायच्या?"

"म्हणजे नापास झाली तर तुम्हाला बरंच."

"बरंच की! पण पोटावर पाय येईल म्हणून मी पिल्लाच्या मनावर पाय देणारा माणूस नाही," मास्तर म्हणाले, आणि दार आपटून गेले.

या घरात पोटात दुखत नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही, असं थोरलीला वाटलं, आणि तेवढ्यात तिची हाक आली.

ती बसली आणि विचारायच्या आतच रडली. "बाई, मी काही केलेलं नाही. पण एक सांगते, ते कुणाला बोलले नाही. ती पिल्लं परवापासून मला भितात. जवळ गेले की मागे सरतात. आधी पायात घोटाळायची. मला वाटलं, माझ्या मनातलं विष त्यांना कळलं. कुत्र्याला माणसाचं मन कळतं म्हणतात ना? मी रात्रंदिवस धाकटीवर जळतेय. तिच्या एकेका पिल्लाला मी मनातल्या मनात नापास केलंय."

छत्रीबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "नाक पुसा."

थोरलीनं कमरेचा रुमाल काढून नाक पुसलं.

"सर्दी कधीपासून?"

"परवापासून."

"तो रुमाल द्या इकडे." बाईंनी रुमाल नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग पदर सावरून त्या खोलीबाहेर आल्या आणि दिराला हाक मारली. "ही माझी छत्री घ्या. हात साबणानं धुवा, छत्री पुसून घ्या. आणि लाल पिल्लासमोर ती जोरात उघडा. मी इथूनच बघते."

दिरानं भीत भीत छत्री उघडली. लाल पिल्लू टुणकन मागे उडालं, क्षणभर थांबलं, मान वाकडी केली आणि पुढे येऊन छत्रीचा कपडा दातांत धरून ओढायला लागलं. निळ्यानंही तेच केलं.

"पाहिलंत?" छत्रीबाई थोरलीला म्हणाल्या. "ती छत्रीला भीत नाहीत. मला भितात. आणि तुम्हाला."

४

"तुमचं मन हुंगायला त्यांना वेळ नाही हो," छत्रीबाई पुढे म्हणाल्या. "त्यांनी रुमाल हुंगला. निलगिरीचं तेल. तुम्ही सर्दीसाठी शिंपडलंत. मी गुडघ्यांना चोळते, वीस वर्षं. माझ्याजवळ तो वास असतो हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीतरी या पिल्लांना तो वास दाखवून घाबरवलं. रोजच्या जगण्यात ती ठणठणीत राहावीत, आणि फक्त एका दिवशी, माझ्यासमोर, ढेपाळावीत म्हणून."

थोरलीचं डोकं चालेना. "पण निलगिरी तर माझ्याच रुमालावर आहे. मग सगळे म्हणतील—"

"म्हणू देत. तुम्ही केलं असतंत, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी तोच वास अंगाला लावून त्यांच्यात हिंडला असतात? चोर चोरीचा दागिना घालून पंगतीत बसत नाही."

थोरलीला तेवढ्यानंही हायसं वाटलं. पण किल्ली अजून टेबलावरच होती.

छत्रीबाईंनी धाकटीला वही घेऊन बोलावलं. "पांढरं पिल्लू भ्यालं नाही. का?"

"त्याचं वेगळंच आहे," धाकटी म्हणाली. ती थोरलीकडे बघत नव्हती. "चाळिसाव्या दिवशी त्याला उलट्या झाल्या. मी त्याला घेऊन डॉक्टरकडे राहिले, सलाईन लावलं होतं. बेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी परत आले."

"म्हणजे जे काही झालं ते त्या तीन दिवसांत. पांढरं इथं नव्हतं म्हणून वाचलं. आणि तुम्हीही नव्हतात." बाईंनी बोट वहीवर टेकवलं. "तीन दिवस पिल्लांकडे कोण बघत होतं?"

"सकाळी ताई, दुपारी मास्तर, संध्याकाळी हे."

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ कुणी नाही. मामंजी तेवढे अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसायचे. पण त्यांनी तर शब्द दिला होता, बोट लावणार नाही म्हणून."

"हो," छत्रीबाई म्हणाल्या. "तो शब्द मला माहीत आहे." त्यांनी भिंतीवरची जुनी पाटी वाचली. मामंजींनी स्वतःच्या हातानं रंगवलेली ती पाटी आल्या दिवसापासून थोरलीला पाठ होती. *झोपलेलं पिल्लू उठवू नये. आईसमोर पिल्लाला दटावू नये. भ्यालेलं पिल्लू तसंच सोडून उठू नये.*

"शेवटचा नियम कुणाकुणाला पाळता येतो, ते आता पाहू," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना परीक्षेच्या खोलीत बोलवा. धाकट्या सूनबाई, तुम्ही मात्र बाहेर. तुमच्याकडे ती डोळे मिटून येतील, त्यातून मला काही कळायचं नाही."

५

खोलीत चौघं भिंतीला टेकून बसले. थोरली, दीर आणि मास्तर जमिनीवर, मामंजी खुर्चीत. बाईंनी सांगितल्याप्रमाणे थोरलीनं हातपाय धुऊन साडी बदलली होती. तिचा रुमाल खोलीच्या मधोमध पसरला होता, आणि बाई स्वतः दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. खिडकीतून धाकटी बघत होती.

लाल पिल्लू आत सोडलं. ते शेपूट हलवत चार पावलं आलं. रुमालाचा वास आला तसं जणू कुणी वरून दाबावं तसं ते जमिनीला चिकटलं, आणि सरपटत कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून थरथरायला लागलं.

"आता याला परत आणा," बाहेरून बाई म्हणाल्या. "उचलायचं नाही, ओरडायचं नाही. ज्याची जी पद्धत."

मास्तरांनी हलकी शिट्टी वाजवली. पिल्लाचे कान हलले, अंग हललं नाही. दिरानं खिशातून बिस्किट काढून "ये ये, राजा" केलं. काही नाही. थोरली पिल्लांना नेहमी खाण्याची वाटी वाजवून बोलवायची. तिनं वाटी वाजवली. पिल्लानं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"मालक, तुम्ही?"

"मी शब्द दिलाय," मामंजी म्हणाले. "मी हात लावत नाही."

"बरोबर." छत्रीबाई कुरकुरत उठल्या. "मग राहू दे. उरलेली चार पण अशीच आहेत. याला असंच पेटीत टाकू आणि आपण जेवून घेऊ."

"असंच?" मामंजी म्हणाले.

"असंच. नापास पिल्लू आहे. त्याचं आता काय एवढं?"

खोलीत पिल्लाचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. मास्तर चुळबुळले. थोरलीला रडू यायला लागलं. तिनं मामंजींकडे पाहिलं आणि तिला दिसलं की त्यांचा जबडा हलतोय. ते पिल्लाकडे बघत नव्हते. बघायचं नाही म्हणून जोर लावून उघड्या दारातून दिसणाऱ्या पाटीकडे बघत होते.

मग काठी खाली पडली. म्हातारा खुर्चीवरून उतरला, एक गुडघा, मग दुसरा, आणि जमिनीवर आडवा होत त्यानं डावी मूठ पुढे टेकवली. बोटं मिटलेली, अंगठा आत. काही बोलला नाही. नुसता थांबला.

पिल्लानं मान वळवली. रुमालाला लांबून वळसा घालून, पोटावर सरपटत ते आलं, मुठीला नाक लावलं आणि एक लांब सुस्कारा टाकून तिथंच डोकं ठेवलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. चाळीस वर्षांत मामंजी एकही भ्यालेलं पिल्लू तसंच सोडून उठले नव्हते.

थोरली ती मूठ बघतच राहिली. एकदा अंगणात पत्रा कोसळला होता तेव्हा लहानग्या गंभीरासमोर हीच मूठ अर्धा तास टेकवलेली तिनं पाहिली होती. फक्त तेव्हा ती उजवी होती.

६

"सकाळी मी उठायला डावी मूठ टेकली, तर निळं पिल्लू माझ्या वासाला भीत असूनही मुठीपाशी आलं," छत्रीबाई आत येत म्हणाल्या. "तेव्हाच कळलं, ज्यानं यांना भिववलं त्यानंच दर वेळी समजूतही घातली. डाव्या मुठीनं. तुमचा उजवा हात वर्षापूर्वी गेला, मालक, आणि पिल्लं आहेत सात आठवड्यांची. ज्या हातानं बोट लावणार नाही म्हणून शपथ घेतली, तो हात यांच्या ओळखीचा कसा?"

मामंजी जमिनीवरच बसले होते. पिल्लू झोपलं होतं.

"आवाजाला भिईचनात," ते म्हणाले. त्यांचा आवाज रागीट होता, पण त्या रागात रडू होतं. "बादल्या वाजवल्या, काठी आपटली. पोरं माझ्याकडे बघून शेपट्या हलवायची! शेवटी तेलाचं फडकं डोक्यावर टाकून दाबून धरायला लागलं. चाळीस वर्षं मी सांगत आलो, धीर रक्तात असतो, आईच्या पोटातून येतो. ही पोरगी आली आणि वहीत लिहून धीर पाजायला लागली. आणि तो लागू पडला! मग मी काय केलं चाळीस वर्षं? जी मी नापास म्हणून देऊन टाकली, त्यांचं काय?"

मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "तुझ्यासाठीच केलं गं, थोरले. किल्ल्या तुला मिळाव्यात म्हणून."

चौदा वर्षांत थोरली त्यांना उलट बोलली नव्हती.

"मग सकाळी माझ्या कमरेची किल्ली काढून घेतलीत, ती कुणासाठी?" तिनं विचारलं.

पिल्लाच्या मानेवरून मामंजी डावा हात फिरवत राहिले.

धाकटी दारात आली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "ताई, मी तुमच्यावर—"

"राहू दे," थोरली म्हणाली. "तू चुकलीस, पण फार चुकली नाहीस. माझ्या मनात होतंच. माझी हिंमत झाली नाही इतकंच."

निकालाचा कागद छत्रीबाईंनी कोराच परत नेला. दहा दिवसांनी दुसरे परीक्षक येतील, अंगाला निलगिरी लावून येतील, असं सांगून. पिल्लांच्या मनातली भीती वरवरची होती, कारण दर वेळी ती मुठीनं निम्मी पुसली गेली होती. उरलेली पुसायला तीच मूठ हवी होती. म्हणून रोज सकाळी मामंजी निलगिरीचा रुमाल शेजारी ठेवून जमिनीवर बसायचे, आणि धाकटी वही घेऊन समोर उभी राहायची. "रुमाल अजून वीतभर जवळ, मामंजी. आता थांबा. चौदा सेकंद. पुन्हा." आणि मामंजी पुन्हा करायचे. मास्तरांनी हे दृश्य बघायला मुद्दाम सकाळची फेरी तिकडून घ्यायला सुरुवात केली.

दहा दिवसांनी दाढीवाले परीक्षक आले. पाचपैकी चार पास झाली. हिरवं सावरलं नाही. ते कोपऱ्यातून आलंच नाही.

धाकटीची पांढऱ्यासकट पाच. थोरलीची सहा.

संध्याकाळी मामंजींनी थोरलीला बोलावलं. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या डाव्या हातात होता.

"ठरल्याप्रमाणे तुझ्या," ते म्हणाले. "सगळ्यांत तू सरस. तुझा हात अगदी माझ्यासारखा आहे, थोरले."

हेच वाक्य. याच्यासाठी ती पहाटे उठली होती, विंचरायची राहिली होती, माहेरची लग्नं चुकवली होती. तिला वाटलं होतं हे ऐकल्यावर आपण रडू. पण तिला नुसती भीती वाटली.

"तेवढं नका म्हणू, मामंजी," ती म्हणाली, आणि किल्ल्या घेतल्या. घेतल्या, कारण ती काही संत नव्हती.

धाकटी सावळीच्या पिंजऱ्यापाशी हिरव्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. थोरली तिच्याजवळ टेकली. जुडग्यातून निम्म्या किल्ल्या काढायला तिला बराच वेळ लागला. कडी घट्ट होती, आणि मनही.

"घे. हिरवं मामंजींमुळे मागे राहिलं, ते मला कळतं. आणि ते माझ्याकडे दे. भित्र्यांचं मला जास्त कळतं."

"ताई..."

"आधी पुढचं ऐक. मला ती तुझी वही हवी. सगळी वाचायचीय. ते सेकंद, त्या जमिनी, सगळं."

धाकटीनं पिल्लू लगेच दिलं. वही मात्र तिनं छातीशी धरली. तीन वर्षांत पहिल्यांदाच थोरलीला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं, आपल्या कष्टाचं दुसरीच्या हातात जाणार म्हणून पिळवटलेलं काहीतरी, आरशात रोज दिसणारं.

"इथंच बसून वाचा," धाकटी शेवटी म्हणाली. "माझ्यासमोर."

थोरलीला इतकं हसू आलं की हिरवं पिल्लू दचकलं. दोघींनी श्वास रोखून पाहिलं. पिल्लानं कान टवकारले, थोरलीच्या तोंडाचा वास घेतला आणि तिची हनुवटी चाटली.

"तीन सेकंद," धाकटी म्हणाली, आणि वही उघडली.